सारंगाला व्हेनिस बघायचं होतं

विमान कंपनीची केबल दोन ओळींची होती. खलाशांच्या सीमन फेअरवर वाटेत स्टॉपओव्हर मिळत नाही, व्हेनिसचं बुकिंग रद्द समजावं. मी ती वाचली, घडी घातली आणि पेपरवेटखाली ठेवली. ज्यांचं बुकिंग होतं ते इस्माईल सारंग टेबलाच्या पलीकडेच बसले होते.

"काय बोलते कंपनी?" त्यांनी विचारलं.

"थोडा घोळ झालाय, सारंगचाचा. निस्तरतो."

"घोळ केला कोणी?"

"मीच," मी म्हणालो.

ते उठले, चपला घातल्या आणि "उद्या येतो" म्हणून गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ही १९६८ची गोष्ट. दुबईत देराच्या बाजूला, खाडीपासून दोन गल्ल्या आत आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. तीन टेबलं, एक टाइपरायटर आणि एक एसी. एसी चालू केला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून गिऱ्हाईक आलं की तो बंद करायचा आणि घाम पुसत बोलायचं. मी रिझर्वेशन क्लार्क. माझ्याकडे आपली माणसं यायची, दापोली, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळ्याकडची. बहुतेकांना मुंबईच्या बोटीचं तिकीट हवं असे, थोड्यांना विमानाचं. युरोपची तिकिटं तेल कंपन्यांच्या साहेबांची. ती आमचे मॅनेजर डिकुन्हा साहेब स्वतः बघत. मूळ गोव्याचे, मुंबईत वाढलेले. ऑगस्टमध्येसुद्धा टाय सोडत नसत.

इस्माईल सारंग आमच्या शेजारच्या गावचे. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. तीस वर्षं त्यांनी एका विलायती कंपनीच्या मालवाहू जहाजांवर काढली होती. मग दुबईला आले. त्या काळी मोठी जहाजं बाहेर समुद्रातच नांगर टाकत आणि माल बार्जमधून खाडीत येई. ते बार्ज ओढणाऱ्या टगवर ते होते. वय साठीच्या आसपास, आवाज कायम वाऱ्याच्या वर बोलायची सवय असलेला.

महिनाभर आधी ते पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, "लंडनची दोन तिकिटं. मी आणि तुझी चाची. पोरगा तिकडं गिरणीत हाय, त्याच्याकडं जातोय. पण मध्ये तीन दिवस व्हेनिस."

"व्हेनिसला कोण आहे आपलं?"

"कोण नाय."

"मग?"

"बघायला."

सहा वर्षं मी त्या टेबलावर बसलो होतो. माझ्यासमोर आपली माणसं नोकरीसाठी, लग्नासाठी, मयतीसाठी, हजसाठी तिकीट काढायला बसली होती. 'बघायला' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. मला वाटलं, चाचा चेष्टा करतायत.

"अठरा वेळा गेलोय तिथं," ते म्हणाले. "जहाज चार-चार दिवस लागायचा. साहेब लोक टाय लावून उतरायचे. डेकवाल्यांना पास नाय. तिथला आमचा एजंट बोलायचा, सारंग, तुझी माणसं पळून जातील. आम्ही कुठं पळणार? घंटा वाजायच्या शहरात, त्या ऐकत रंग मारायचो. घरी आलो की हिला सांगायचो, व्हेनिसला जाऊन आलो. ती विचारायची, कसा हाय? मी सांगायचो, पाणी हाय."

"आणि आता?"

"आता मना त्या गेटातून चालत शहरात जायचाय, लतीफ. बायकोला घेऊन. पैसे भरून. कोणाला विचारायचा नाय."

माझे वडीलही खलाशीच. त्यांनीही घरी येऊन अशाच बंदरांची नावं सांगितली होती आणि आम्ही पोरांनी ती शाळेत मिरवली होती. वडील त्यातल्या कुठल्या गावात उतरले होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. सारंगांचं ऐकून मला राग आला. नेमका कोणावर काढावा ते कळेना, म्हणून कामाला लागलो.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा विमानाच्या पूर्ण भाड्याच्या तिकिटाला मैलांची एक मर्यादा असे. दुबई ते लंडन इतके मैल. त्या मैलांच्या आत राहून तुम्ही वाटेत बैरूतला उतरा, रोमला उतरा, आठवडा काढा आणि पुढचं विमान धरा. जादा पैसा नाही. याला स्टॉपओव्हर म्हणत. साहेब लोकांना हे पाठ असे. आपल्या माणसांना कोणी सांगत नसे, आणि खरं सांगायचं तर मीही सांगत नसे. मी मैल मोजले. दुबई, बहरीन, बैरूत, रोम, व्हेनिस, लंडन, सगळं मर्यादेत बसत होतं.

मग प्लॅन. मी स्वतः तेव्हा बैरूतच्या पुढे गेलेलो नव्हतो. विमान कंपनीच्या माहितीपत्रकातला नकाशा मी ट्रेसिंग पेपरवर मोठा करून काढला. सारंग त्यावर वाकले. समुद्राकडून आत यायचा रस्ता, जहाज आत नेणारा बंदराचा पायलट कुठे चढतो, पाणी कुठे उथळ, जहाज कुठल्या धक्क्याला लागतं, सगळं त्यांनी पेन्सिलीने दाखवलं. धक्क्याच्या पुढे मात्र त्यांची पेन्सिल थांबली.

"इथून पुढं तू सांग," ते म्हणाले.

मग मी सांगत गेलो. हॉटेल स्टेशनजवळ, कारण सामान घेऊन पूल चढायचे नाहीत. पहिल्या दिवशी मोठा कालवा, तिथल्या सार्वजनिक बोटीने. दुसऱ्या दिवशी मोठा चौक आणि तिथलं चर्च. तिसऱ्या दिवशी काचेच्या कारखान्यांचं बेट. जैनबचाची एका गुरुवारी सोबत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तीन दिवस खायचा काय?"

"मासे मिळतात, चाची."

"करून कोण देणार? हॉटेलवाला?" मग स्वतःच म्हणाल्या, "मी सुकटाची चटणी घेते. भाकऱ्या दोन दिवस टिकतील."

"चाची, खोलीत सुकट उघडलंत तर हॉटेलवाला बाहेर काढेल."

"काढू दे. बाहेरच तर बघायचा हाय ना?"

तारीख मात्र सारंगांनी ठरवली. नोव्हेंबर म्हणजे तिथे उधाणाला चौकात पाणी चढतं, हे त्यांना पायलटकडून माहीत होतं. म्हणून त्यांनी चांद मोजला आणि भांगाचे तीन दिवस काढून दिले. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती. डिकुन्हा साहेब हे ऐकून हसले होते. "मॅन, व्हेनिसचं बुकिंग पंचांग बघून करतात होय?" पुढच्या हिवाळ्यात त्यांचाच एक तेलवाला साहेब त्याच चौकात गुडघाभर पाण्यात बूट हातात घेऊन उभा राहिला आणि परत येऊन आमच्यावर डाफरला. तेव्हा साहेब हसले नाहीत.

सारंगांची रजा सहा आठवड्यांची होती आणि तारीख त्यांच्या कंपनीने बांधून दिली होती. भांगाचे ते तीन दिवस हुकले तर पुढच्या भांगापर्यंत रजेतले दोन आठवडे फुकट जाणार. तिकडे मुलगा वाट बघत होता. म्हणजे तेव्हा झालं तर झालं, नाहीतर व्हेनिस खलास.

आता माझा घोळ.

कागद मागताना मी त्यांना पासपोर्टच्या आधी विचारलं, "नळी आणलीत?" खलाशाच्या नोकरीचं सरकारी पुस्तक जुनी माणसं गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवत. म्हणून आमच्याकडे त्या पुस्तकालाच नळी म्हणतात. आमच्या घरांत आग लागली तर आधी नळी बाहेर काढतील, दागिने मागाहून. सारंगांनी ती कौतुकाने टेबलावर ठेवली. मीही कौतुकाने उघडली. तीस वर्षांच्या नोंदी, प्रत्येकीपुढे 'व्हेरी गुड'. माझा ऊर भरून आला आणि त्या भरात मी तिकिटाच्या मागणीत 'सीमन' लिहिलं, नळीचा नंबर टाकला आणि खलाशांची सवलत घेऊन टाकली. व्हिसाच्या फॉर्मवरही तेच. आपल्या माणसाचे पैसे वाचवले, म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. सीमन फेअर हे जहाजावर जाणाऱ्या माणसाला थेट पोचवण्यासाठी असतं आणि त्यात वाटेत उतरता येत नाही, हे नियमाच्या पुस्तकात स्पष्ट होतं. मी ते पान उघडलंच नाही. दुसऱ्या कुठल्या क्लार्कने नळी मागितलीच नसती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी आता दुबईतच अल कुसैसला मुलाकडे राहतो. परवा नातीला हे सांगत होतो तर ती म्हणाली, "बट दादा, व्हाय डिडन्ट ही जस्ट राइट टूरिस्ट?" तिला म्हटलं, बाई, लिहिणारा तो नव्हता, मी होतो.

केबल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही पासपोर्ट परत आले. दुबईत तेव्हा व्हिसाची सोय नव्हती, पासपोर्ट कुवेतच्या वकिलातीत पाठवावे लागत. सोबत एक चिठ्ठी होती. अर्जदार कुठल्या जहाजावर रुजू होणार आहे, जहाजाचं आणि एजंटचं नाव कळवावं. फॉर्मच वाचून विचारलेला सरळ प्रश्न होता. तिथल्या माणसाची काही चूक नव्हती.

मी दोन्ही कागद घेऊन डिकुन्हा साहेबांच्या टेबलाशी गेलो.

"सोपं आहे," ते म्हणाले. "व्हेनिस कॅन्सल. सीमन फेअरवर सरळ लंडनला पाठव."

"त्यांना व्हेनिस बघायचंय, सर."

"लतीफ, मॅन, ही माणसं साइटसीइंग करत नाहीत. तूच त्यांच्या डोक्यात भरवलंस."

"त्यांच्या डोक्यात ते माझ्या जन्माच्या आधीपासून आहे."

साहेबांनी टाय सैल केला. म्हणजे आता कामाचं बोलणार. "हे बघ. आपली मान्यता अजून पेंडिंग आहे. तिथल्या एअरपोर्टवर त्याला अडवलं, परत पाठवलं, तर एअरलाइन विचारणार, तिकीट कोणी विकलं? आपण. मान्यता गेली. माझी नोकरी, तुझी नोकरी, सगळं गेलं. एका सारंगासाठी?"

त्यांची भीती खोटी नव्हती. विमान कंपन्यांच्या संघटनेची मान्यता नसेल तर एजन्सीला स्वतः तिकीट लिहिता येत नसे, दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागे. तीन वर्षं ते त्या कागदासाठी खेटे घालत होते.

"पूर्ण भाडं भरायला ते तयार आहेत," मी म्हणालो.

"मग नवा फॉर्म भर. ऑक्युपेशन मर्चंट. खजूर विकतो म्हण. कोण बघतंय?"

मला तो मार्ग बरा वाटला. संध्याकाळी सारंग आले तेव्हा मी नवा फॉर्म टाइप करून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. भाड्यातला फरक मी रियालमध्ये सांगितला. त्यांनी ओठ हलवून त्याचे रुपये केले, फिरून एकदा केले आणि "चालंल" म्हणाले. मग फॉर्म हातात घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, पण जहाजावरचे काही शब्द ते ओळखत.

"इथं सीमन होता. तो कुठं गेला?"

मी समजावलं. मर्चंट लिहिलं की प्रश्न विचारत नाहीत, चाचा. सगळेच लिहितात.

त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "मी काय विकतो?"

"खजूर."

"आयुष्यात एक खजूर विकला नाय मी. लतीफ, ऐक. तीस वर्षं मना तिथं उतरू दिला नाय, का तर मी खलाशी. आता उतरायला मिळणार, तर मी खलाशी नाय असा लिहून? मग उतरला कोण? तो खजूरवाला?" आवाज चढत गेला तशी बाजूच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं. "ताकाला जाऊन भांडा लपवायचा धंदा आपला नाय. मी सारंग हाय आणि मी बघायला जातोय. दोन्ही लिही. नाय देत, तर नाय बोलू दे. पण माझ्या नावाला नाय बोलू दे."

मला माझी लाज वाटली. दिवसभर मी स्वतःला त्यांच्या बाजूचा समजत होतो आणि एजंटने धक्क्यावर जे केलं तेच मी टाइपरायटरवर करत होतो. मी तो फॉर्म फाडला.

नव्या फॉर्मवर ऑक्युपेशनसमोर 'सीमन', प्रवासाचं कारण 'टूरिस्ट'. सोबत चिठ्ठीला उत्तर. सारंग सांगत गेले, मी इंग्रजी करत गेलो. जहाजाचं नाव: जहाज नाही. एजंट: कोणी नाही. मी तीस वर्षं जहाजावर काम केलं. आपल्या शहराच्या बंदरात अठरा वेळा आलो, शहरात एकदाही नाही. या वेळी पॅसेंजर म्हणून येतोय, बायकोबरोबर, तीन दिवस. हॉटेल घेतलं आहे, पुढचं लंडनचं तिकीट सोबत आहे. शहर बघून जाईन.

"पळून जाणार नाही, असंही लिहू?" मी विचारलं.

"ते लिहायचा नाय," ते म्हणाले. "साहेब लोक लिहितात काय?"

उत्तराखाली एजन्सीचं हमीपत्र लागत होतं. या प्रवाशांची तिकिटं आणि हॉटेल आम्ही केलं आहे, माहिती खरी आहे, अशा चार ओळी. सकाळी मी ते डिकुन्हा साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"मी सही करणार नाही."

"मग मी करतो."

"तू क्लार्क आहेस."

"फॉर्मवर 'एजन्सीतर्फे' लिहिलंय, सर. मॅनेजर असं कुठे लिहिलेलं नाही. आणि त्यातलं सगळं खरं आहे. खोटं ते कालच्या फॉर्मवर होतं, त्यावर मात्र आपण सही करणार होतात."

इतकं बोलायचं माझं ठरलेलं नव्हतं. तोंडून निघून गेलं. घरी माझी बायको आणि दोन मुलं माझ्या मनीऑर्डरवर होती. माझा स्वतःचा व्हिसा याच एजन्सीच्या नावावर होता. हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही.

"पॅसेंजरला तिथून परत पाठवलं," ते म्हणाले, "तर पुढच्या मुंबईच्या बोटीत तू. तिकीट तुझं तूच लिही."

"ठीक आहे," मी म्हणालो. सही केली, खाली 'रिझर्वेशन क्लार्क' असं पूर्ण लिहिलं आणि शिक्का मारला. तो सरळ बसला.

पासपोर्ट पुन्हा कुवेतला गेले. उड्डाणाला अकरा दिवस होते. आठ दिवस काही आलं नाही. सारंग रोज संध्याकाळी टगवरून उतरून येत, दारातूनच माझ्याकडे बघत, मी मान हलवली की परत जात. नवव्या दिवशी चाची आल्या आणि म्हणाल्या, भाकऱ्यांचं पीठ दळून ठेवलंय, ते काय करू. मी म्हटलं, इन्शाल्ला उद्या कळेल. खरं तर मला काही माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी पाकीट आलं. मी साहेबांसमोरच फोडलं. दोन पासपोर्ट, दोन्हींवर शिक्का. टूरिस्ट. वर एक शब्द नाही, एक प्रश्न नाही. डिकुन्हा साहेबांनी शिक्का उजेडाकडे धरून दोनदा वाचला.

"तारीख बरोबर आहे," ते म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

सारंगांना बातमी द्यायला मी खाडीवर धावत गेलो. टग पलीकडे होती. मी काठावरून दोन्ही पासपोर्ट वर धरले. त्यांनी भोंगा एवढा लांब वाजवला की खाडी पार करून देणाऱ्या अब्रा होडीवाल्यांनी शिव्या दिल्या.

लंडनहून परत आल्यावर ते ऑफिसात आले, चाची सोबत. एअरपोर्टवर कोणी काही विचारलं नव्हतं. हॉटेल बरं होतं. पाणी चौकात चढलं नव्हतं. मी विचारलं, "गेटातून गेलात?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो," सारंग म्हणाले. "धक्क्याच्या गेटावर पोलीस उभा. मी बोललो, आत जायचाय, मग परत बाहेर यायचाय. तो बोलला, टूरिस्टला आत परवानगी नाय. मी तिथंच उभा. हात दाखवून सांगतोय, तो धक्का माझा. तो मान हलवतोय."

"मग?"

"मग काय," चाची म्हणाल्या. "मी बोलले, आत कशाला? आपण बाहेरच हाय की. चला."

"आणि निघालो," सारंग म्हणाले. "मोठ्या चौकापर्यंत चालत. चाळीस मिनिटं लागली, लतीफ. दोनदा रस्ता चुकलो, ते धरून." चाळीस हा आकडा त्यांनी नंतर आणखी दोनदा उच्चारला. मग रुमाल काढून तोंड पुसलं. डिकुन्हा साहेबांनी उठून एसी बंद केला आणि चहा सांगितला.

त्यानंतर मी बरीच वर्षं तिकिटं केली. मान्यताही आली, पुढे माझं स्वतःचं टेबल काचेच्या केबिनमध्ये गेलं. नव्या क्लार्कला मी एकच गोष्ट शिकवत असे. समोर माणूस बसला की आधी कागद मागू नकोस, कशासाठी जातोयस ते विचार. तो 'बघायला' म्हणाला, तर तसंच लिही आणि खाली तुझी सही कर.